मदत हवी आहे: रस्त्याकडेच्या निकामी केबल काढण्याची जबाबदारी नियमात कशी लिहावी?

नमस्कार.

सार्वजनिक रस्त्यांच्या कडेने जाणाऱ्या वीज, दूरध्वनी आणि इंटरनेटच्या वाहिन्यांविषयीच्या नियमावलीचा मसुदा हरकती व सूचनांसाठी खुला झाला असून, आमच्या नागरिक गटाच्या वतीने लेखी सूचना तयार करण्याचे काम माझ्याकडे आहे. वाहिनी टाकण्याची परवानगी कशी घ्यावी, शुल्क कसे भरावे, खोदाई कोणत्या वेळेत करावी, हे सगळे मसुद्यात तपशिलाने आले आहे. मात्र टाकलेली वाहिनी पुढे कोणी तपासावी आणि निकामी झाल्यावर ती कोणी काढून न्यावी, यावर ‘परवानाधारकाने योग्य ती देखभाल करावी’ एवढे एकच वाक्य आहे. त्या वाक्याच्या जागी काय लिहावे, याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

अडचणीचे मूळ असे की खांब एकाचा असतो आणि त्यावरच्या तारा अनेकांच्या. सामायिक खांबावर वीजतारा वर आणि दळणवळणाच्या केबल त्यांच्याखाली ठरावीक अंतर सोडून, अशी रचना असते. त्यामुळे झोळ पडून उंच वाहनात अडकणारी केबल बहुधा दळणवळणाची असते. तक्रार मात्र खांबाच्या मालकाकडे जाते आणि दुसऱ्याच्या केबलला हात लावण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे उत्तर त्याच्याकडून येते. ग्राहकाने सेवा बदलली की जुनी केबल तशीच राहते आणि नवी तिच्या शेजारून ओढली जाते. बंद केबल निरुपद्रवी असते, हा समज मला धोकादायक वाटतो. तिचे वजन आणि तिच्यावरचा वाऱ्याचा दाब खांबाला सोसावाच लागतो. शिवाय ऑप्टिकल फायबरच्या काचेतून वीज वाहत नसली, तरी अशा केबलला आधार देणाऱ्या पोलादी तारेतून ती वाहते. वरची वीजतार तुटून तिच्यावर पडली आणि तिचे भूसंपर्कन (अर्थिंग, म्हणजे जमिनीशी जोडणी) नीट झालेले नसले, तर प्रवाह पुढच्या खांबांपर्यंत पोचू शकतो.

इतर ठिकाणच्या कायद्यांत मला दोन तरतुदी उपयोगी वाटल्या. ब्रिटनच्या 1991 च्या रस्ते व रस्त्यावरील कामांच्या कायद्यातील कलम 81 नुसार, रस्त्यात वाहिनी असलेल्या कंपनीने तिची देखभाल रस्ते प्राधिकरणाचे वाजवी समाधान होईल अशी ठेवणे बंधनकारक आहे, आणि तसे न झाल्यास प्राधिकरण स्वतः तातडीचे काम करून खर्च वसूल करू शकते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात नवा खांब उभा राहिल्यापासून 90 दिवसांच्या आत सर्व तारा त्यावर हलवून जुना खांब काढून टाकण्याचे बंधन आहे. पहिल्या तरतुदीत अधिकार स्पष्ट आहे, दुसरीत मुदत स्पष्ट आहे. आपल्याला दोन्ही एकत्र हवे आहेत. (भूमिगत वाहिन्यांचा विषय मी जाणूनबुजून बाजूला ठेवला आहे, कारण खोदाईपूर्वी सूचना देणे आणि रस्ता पूर्ववत करणे याबद्दल मसुद्यात पुरेशी कलमे आहेत.)

मी केलेला कच्चा मजकूर असा आहे: ‘प्रत्येक परवानाधारकाने आपल्या केबलवर प्रत्येक खांबाजवळ मालकाची ओळख पटेल अशी टिकाऊ पट्टी लावावी, सेवा बंद झालेली केबल निश्चित मुदतीत काढून न्यावी, मुदतीत न काढल्यास प्राधिकरणाने लेखी नोटीस देऊन ती काढावी आणि खर्च अनामत रकमेतून वळता करावा.’

मला सर्वांत जास्त चिंता नोटिशीच्या टप्प्याची आहे. पट्टी नसलेली केबल बेवारस समजून कापली आणि ती एखाद्या रुग्णालयाची किंवा आपत्कालीन दूरध्वनीची चालू जोडणी निघाली, तर नियमामुळेच जीवाला धोका होईल. म्हणून कापण्यापूर्वी खांबावरील सर्व परवानाधारकांची संयुक्त पाहणी सक्तीची करावी, असे माझे मत आहे. परंतु एखादी कंपनी पाहणीला आलीच नाही, तर सगळी प्रक्रिया अडकून पडते. गैरहजेरी हीच संमती मानणे कायद्याच्या कसोटीवर टिकेल का? आणि लोंबकळून रस्त्यावर आलेल्या तारेसाठी, जिथे तासाभराचीही वाट पाहणे योग्य नाही, वेगळे कलम लिहावे की याच कलमाला अपवाद जोडावा?

दुसरा प्रश्न अनामत रकमेचा आहे. रस्ता पूर्ववत करण्यासाठी घेतलेली हमी काम संपल्यावर काही काळाने परत दिली जाते, तर केबल निकामी होते ती त्यानंतर अनेक वर्षांनी, कधी कधी मूळ कंपनी विकली किंवा बुडाली असताना. परवाना हस्तांतरित होताना जुन्या केबल काढण्याची जबाबदारीही नव्या मालकाकडे जाईल, असे लिहिणे पुरेसे आहे का, की सर्व परवानाधारकांच्या वार्षिक वर्गणीतून बेवारस केबलसाठी स्वतंत्र निधी ठेवावा? मला निधीचा मार्ग अधिक व्यवहार्य वाटतो. मात्र नियमाने वागणाऱ्या कंपन्यांवर इतरांच्या हलगर्जीपणाचा भुर्दंड पडतो, हा आक्षेप खोडून काढता आलेला नाही.

वीज वितरण, दूरसंचार किंवा रस्ते विभागात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी मुदत किती दिवसांची ठेवल्यास ती पाळली जाऊ शकेल, हे अनुभवावरून सांगावे. आणि ज्यांनी अशा नियमांचे मसुदे लिहिले आहेत, त्यांनी वरील मजकुरातील पळवाटा दाखवून द्याव्यात, ही विनंती.