लॅटिन 'सुउस' आणि 'एयुस' : दोन्हींचा अर्थ 'त्याचा' तर फरक काय?

लॉ_आणि_लॅटिन
नमस्कार मंडळी. लॉ करताना लॅटिन शब्द सारखे आडवे येतात म्हणून बेसिकपासून शिकायला घेतलंय. कोर्टाने 'सुओ मोटो' म्हणजे स्वतःहून दखल घेतली हे पेपरात नेहमीचंच, त्यातलं सुओ हे 'सुउस' या सर्वनामाचं रूप. पण पुस्तकात 'एयुस' पण आहे आणि त्याचाही अर्थ त्याचा/तिचा असाच दिलाय. मग कुठे काय वापरायचं? आणि 'सुआ स्पोन्ते' म्हणजे पण स्वतःहूनच, तिथे सुआ का? कर्ता स्त्रीलिंगी असला की सुआ होतं का?

व्याकरणवेडी
इंग्रजीतून शिकलं की इथे गोंधळ होतोच, कारण त्यांच्याकडे हा भेदच नाही, आपल्याकडे आहे. 'मार्कस आपल्या मित्राला हाक मारतो' म्हटलं की मित्र मार्कसचाच, तिथे लॅटिनमध्ये सुउस: 'मार्कुस आमीकुम सुउम वोकात'. 'त्याच्या मित्राला' म्हटलं तर बोलताना आपण दोन्ही अर्थ चालवून घेतो, लॅटिन नाही घेत, 'आमीकुम एयुस' म्हणजे मित्र मार्कसचा नाही, दुसऱ्याच कुणाचा तरी. अनेकवचनातही आपल्यांसाठी सुउसच, दुसऱ्यांचं असेल तर एओरुम किंवा एआरुम.

लिंगाचं म्हणशील तर मालकाचं बघायचंच नाही. मराठीत बाईसुद्धा 'आपला मुलगा'च म्हणते ना, तसंच. स्पोन्ते स्त्रीलिंगी म्हणून सुआ, मोतू पुल्लिंगी म्हणून सुओ. आणि प्लीज 'सुओ मोटो' लिहू नकोस, मोतुस हे चौथ्या डिक्लेन्शनचं (म्हणजे नामं चालवायच्या चौथ्या गटातलं) नाम आहे, त्याचं इथे मोतूच होतं. न्यूज चॅनलवाल्यांनी मोटो करून ठेवलंय.

संस्कृतप्रेमी_नाशिक
ताईंनी छान सांगितलंय, त्यात एक भर. आपलं 'आपला' मी-तू-तो सगळ्यांना चालतं, 'तू आपलं काम कर', संस्कृतात 'स्व' पण तसंच, आणि सुउस नि स्व एकाच मुळातले. पण लॅटिनने सुउस फक्त तृतीय पुरुषापुरतं ठेवलं. माझ्यासाठी मेउस, तुझ्यासाठी तुउस. म्हणजे न्यायाधीश स्वतः 'मी स्वतःहून केलं' म्हणाले तर 'मेआ स्पोन्ते' येईल, सुआ नाही.

लॉ_आणि_लॅटिन
वा, थँक्यू दोघांना! आता ज्युरिसप्रुडन्सवाला डाउट. रोमन सम्राट जस्टिनियनच्या 533 सालच्या इन्स्टिट्यूट्स या कायद्याच्या पाठ्यपुस्तकात न्यायाची व्याख्या आहे, त्यात 'इउस सुउम कुइक्वे' येतं. वाक्याचा कर्ता न्याय आहे, मग सुउम म्हणजे न्यायाचा स्वतःचा हक्क असं होईल ना?

व्याकरणवेडी
नाही, शेजारी क्विस्क्वे (म्हणजे प्रत्येक जण, कुइक्वे हे त्याचंच रूप) आलं की सुउस कर्त्याला सोडून त्याला चिकटतं. मराठीत 'ज्याला त्याला आपापला हक्क देणं', यातलं 'आपापला' म्हणजेच ते सुउम. इतकं चपखल भाषांतर इंग्रजीत होतच नाही.

जुनी_पुस्तकं
याच सर्वनामाचा भाऊ 'से' पण बघून घे, कारण रोमन सेनापती सीझरचं लिखाण वाचताना खरी दमछाक तिथे होते. आपल्याकडे बातमीत येतं ना, 'आपण राजीनामा देणार नाही, असे मंत्र्यांनी सांगितले', त्यातला 'आपण' म्हणजे मंत्री, वाचणारे आपण नव्हे. लॅटिनमध्ये दुसऱ्याचं म्हणणं सांगताना तिथे 'से' येतं. इसवीसनपूर्व 58 मध्ये सीझरने जर्मन राजा आरिओविस्टसला भेटीचा निरोप धाडला, त्यावर त्याने उलट कळवलं की आपल्याला सीझरकडून काही हवं असतं तर आपण त्याच्याकडे गेलो असतो, आणि पुढे: 'सि क्विद इल्ले से वेलित, इल्लुम आद से वेनीरे ओपोर्तेरे', त्याला आपल्याकडून काही हवं असेल तर त्याने आपल्याकडे यायला पाहिजे. या अर्ध्या वाक्यात नाव एकही नाही, पण दोन्ही 'से' म्हणजे आरिओविस्टस आणि इल्ले, इल्लुम म्हणजे सीझर, त्यामुळे कोणी कोणाच्या दारात जायचं याबद्दल शंकाच राहत नाही. सीझरच्या 'गॅलिक युद्ध' या पुस्तकाच्या पहिल्या भागात 34 वं प्रकरण काढ आणि प्रत्येक 'से'वर पेन्सिलने कोणाचा ते लिहीत जा, अशी दोनचार पानं केलीस की हात बसेल.