रिफंड वेगळा, रिबेट वेगळा

"पगारातून वर्षभर टॅक्स कापला, मग रिबेट कमी का?" असं कुणीतरी विचारलं होतं. अहो, जादा कापलेला टॅक्स परत मिळतो तो रिफंड; २००८ चा अमेरिकन रिबेट म्हणजे सरकारने त्या वर्षी लोकांना वाटलेले पैसे, आणि त्यासाठी कापलेली रक्कम बघतच नव्हते. २००७ च्या रिटर्नवर शेवटी टॅक्स किती बसला, ते बघायचे. कापले दोन हजार, पण बसला ४१० डॉलर, तर एकट्या माणसाला ४१०च. कमाल ६००. टॅक्स शून्य असला तरी निदान ३,००० ची कमाई असली तर ३०० मिळायचे. ७५,००० च्या वर उत्पन्न गेलं की कात्री.

तिथल्या आपल्या लोकांची गोची निराळीच. एच-४ वरच्या (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावरच्या) बायकोचा आयटिन (सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांचा टॅक्स नंबर) घालून जॉइंट रिटर्न भरलं, की दोघांचाही रिबेट गेला! आमच्या दोघांच्या १,२०० डॉलरवर असंच पाणी पडलं.