अनुभव धागा : पडद्यावर आपली नागपुरी बोली

‘जाऊन राहिलो’, ‘मले’, ‘काऊन’ असं बोलणारा माणूस तुम्हाला सिनेमात, मालिकेत किंवा मोबाइलवर कधी भेटला? तो हसवण्यापुरता होता की अख्खा माणूस होता? चित्र बदलतंय असं मला मनापासून वाटतं. नागपुरातल्या आपल्या भागाचं नाव वर टाकून आपापले अनुभव लिहा, लांबले तरी चालतील.

महाल, निवृत्त शिक्षिका
१९९९ मध्ये अल्फा मराठी (आताचं झी मराठी) आलं आणि रोज संध्याकाळी मराठी मालिका लागू लागल्या. मी आवडीनं बघायचे. पण त्यातली घरं पुण्या-मुंबईची. आपल्याकडचा कोणी आलाच तर गडी नाहीतर हवालदार. वर्गात माझ्यासमोर ‘मला-तुला’ बोलणाऱ्या मुली मैदानात गेल्या की ‘मले-तुले’वर यायच्या. आपलं बोलणं लपवायचं असतं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, तरी त्या शिकल्या होत्या. याचं मला फार वाईट वाटायचं.

धरमपेठ, हौशी रंगभूमी
मुंबईत एका मालिकेच्या ऑडिशनला वकिलाची भूमिका मागितली. ‘आधी ते गावाकडचं काढून टाक,’ असं सांगितलं. पुढे २०१४ ला ‘चला हवा येऊ द्या’ सुरू झालं आणि भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी घराघरात पोचली. त्यांचा मला अभिमान आहे, दार त्यांनी उघडलं. पण नंतर आम्हा सगळ्यांकडे तेवढंच मागू लागले. वऱ्हाडी बोलणारा वकील मी अजून शोधतोय.

सदर
घरी असंच बोलतो, म्हनून असंच लिहून राहिलो. २०२२ च्या मार्चमधी ‘झुंड’ लागला, तवा आमी सारे पोट्टे संगं गेलतो. पडद्यावर अमिताभ बच्चन, अन् त्यायच्यासमोर आपल्या नागपूरचा अंकुश गेडाम. आमी बोलतो तसंच हिंदी-मराठी मिसळून. रडाच्या जागीबी तेच बोलनं. दिग्दर्शक नागराज मंजुळे सायबायनं ते तसंच राहू देल्लं, हे लय मोठं काम केलं बावा.

मानेवाडा, रील्स करते
जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं, तेव्हा मी इन्स्टाग्रामवर आले. सुरुवातीला जास्त लोक बघतील म्हणून हिंदीत बोलायचे. एकदा आजी सांडगे घालताना शेजारच्या काकूंशी भांडत होती, ते तसंच टाकलं आणि गडचिरोलीपासून अकोल्यापर्यंतच्या लोकांनी ‘माही आजी अशीच आहे’ म्हणून लिहिलं. तेव्हापासून बोली सोडली नाही. पुण्याच्या लोकांसाठी खाली प्रमाण मराठीत ओळी देते, पण आवाजाला हात लावत नाही.

अडचण कूलरची. मे महिन्यात तो चालू ठेवला तर आवाजात नुसती घरघर येते आणि बंद केला तर आजी दोन वाक्यांत उठते. म्हणून सकाळी सहाच्या आत, स्वयंपाकघरात, मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून रेकॉर्डिंग उरकतो. घरात कोणी नळसुद्धा सोडत नाही.

परवा इतवारीतल्या एका साडीवाल्या काकांनी जाहिरातीचं काम दिलं. मी विचारलं, शुद्ध मराठीत करू का? ते म्हणाले, ‘नको बाई, माह्यं गिऱ्हाईक भंडाऱ्याहून येते.’ ते काम झालं. आता मारबतीच्या मिरवणुकीचं, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मोठे पुतळे घेऊन निघते तिचं, रील करायचं आहे. इतवारी-महालकडच्या कुणाच्या आजी-आजोबांना काळ्या-पिवळ्या मारबतीच्या जुन्या आठवणी सांगायच्या असतील तर इथेच कळवा, मी घरी येऊन रेकॉर्ड करीन.