ओपन प्लॉटवरचा हॉल: स्क्रू पाइल की काँक्रीट पाइल?

महाजन (सचिव): मंडळी, हॉलच्या पायाची दोन कोटेशन आली आहेत. एकात स्क्रू पाइल, दुसऱ्यात बोअर मारून काँक्रीट पाइल. पाइल म्हणजे जमिनीत खोल जाणारा पायाचा खांब. मीटिंगच्या आधी ज्याला काही बोलायचं असेल त्याने इथेच बोला, तिथे नुसती आरडाओरड होते.

भूषण डी-१: माझं मत स्क्रू पाइलला. लोखंडी पाइप, टोकाला गोल पाती, मशीन पिळून जमिनीत घालतं. चिखल नाही, क्युरिंग (काँक्रीटवर पाणी मारत थांबणं) नाही, लगेच वरचं काम सुरू.

सोनवणे नाना: लोखंड आपल्या मातीत? गंजून जाईल रे भाऊ.

नीलिमाताई सी-४: आज टँकर येणार आहे का? सी विंगला थेंब नाही 🙏

महाजन (सचिव): चार वाजता ताई.

चौधरी आप्पा: नाना, गंजाचं नंतर बघू, गॅल्व्हनाइझिंग (जस्ताचा थर) असतं, पाइपची जाडीही वाढवून घेता येते. आधी माती बघा. उन्हायामा फाटस, पावसायामा फुगस! आपल्या कंपाउंडच्या भिंतीला मे महिन्यात बोट जाईल एवढी भेग पडते आणि श्रावणात मिटते, ती उगाच नाही. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते, पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. ही हालचाल साधारण साडेतीन मीटरपर्यंत चालते, त्याखाली ओलावा वर्षभर फारसा बदलत नाही. पाइल कुठलाही घ्या, त्याचं बूड त्याखाली गेलं पाहिजे. आणि आपला हॉल एकमजली, म्हणजे हलका. हलकी इमारत खचण्यापेक्षा उचलली जाण्याची भीती जास्त, कारण फुगलेली माती पाइलच्या अंगाला धरून वर ओढते. यासाठीच रुडकीच्या सीबीआरआय या सरकारी इमारत संशोधन संस्थेने अंडर-रीम्ड पाइल आपल्याकडे रुजवले. सरळ बोअर आणि खाली फुगवटा, व्यास साधारण दांड्याच्या अडीचपट. पाइलचं भारतीय मानक आहे आयएस २९११, त्याचा तिसरा भाग त्यावरच आहे.

भूषण डी-१: मग आप्पा, स्क्रू पाइलची पातीही खाली तेच काम करते ना?

चौधरी आप्पा: करते. उलट दांडा बारीक, त्यामुळे मातीला धरायला जागा कमी. या एका बाबतीत तो सरस आहे, मान्य. आणि ही नवी टूम पण नाही. अलेक्झांडर मिचेल नावाच्या आयरिश इंजिनिअरने १८३३ मध्ये पेटंट घेतलं, तो अंध होता. समुद्रातल्या वाळूवर दीपगृहं उभी केली त्यावर.

सोनवणे नाना: दीपगृह राहू द्या, आपल्याला लग्नाचा हॉल पाहिजे 😄

हर्षल (बी-६): साइटवरचं सांगतो. स्क्रू पाइल घुसताना मशीनचा टॉर्क (पिळण्याचा जोर) मोजतात, त्यावरून किती भार पेलेल याचा अंदाज मिळतो, ही चांगली सोय. पण मध्ये दगड किंवा कडक मुरूम लागला की पाती अडते, वाकते. सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा-यावलच्या वरच्या बाजूला, गोटेच गोटे आहेत, तिथे कोणी हे धाडस करू नये. खाली तापीकाठी मात्र गाळ इतका खोल की खडकाची वाट बघत बसाल. आपला प्लॉट कशात मोडतो हे दोन्ही कोटेशनवाल्यांनी कुठे लिहिलंय?

महाजन (सचिव): नाही लिहिलेलं. दोघांनी सोबत फक्त रेट पाठवलाय.

हर्षल (बी-६): तेच! काँक्रीट पाइल सुद्धा डोळे झाकून घेऊ नका. बोअर ढासळला, तळाला सैल गाळ राहिला, पाण्यात ट्रेमी पाइपशिवाय (काँक्रीट थेट तळापर्यंत नेणारी नळी) काँक्रीट ओतलं, तर वरून काहीच कळत नाही. फुगवटा तर वाळू लागली की उभाच राहत नाही. आणि स्क्रू पाइलला आयएस २९११ मध्ये स्वतंत्र भाग नाही, मंजुरीला स्ट्रक्चरल इंजिनिअर सही करताना अडखळेल.

चौधरी आप्पा: एक सगळ्यांनी लक्षात ठेवा. पाइल चांगला केला आणि प्लिंथ बीम (पाइलवर टेकून भिंती पेलणारी आडवी तुळई) थेट काळ्या मातीवर टेकवला तर पैसे पाण्यात. बीमच्या खाली ८० मिमी मोकळी जागा ठेवायची असते, माती फुगली तर तिला जायला जागा. मिस्त्री मुरूम टाकून ती भरून टाकतो, वर सांगतो "साहेब, मजबूत केलं". डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं.

भूषण डी-१: मग पार्किंगवर सोलर शेड टाकायची आहे, तिथे तरी स्क्रू पाइल?

चौधरी आप्पा: तिथे जरूर. शेडला वाऱ्याने उचलायचीच भीती, आणि उद्या शेड हलवायची झाली तर पाइल उलटा फिरवून काढता येतो. फक्त पाती त्या फुगणाऱ्या थराच्या खाली गेली पाहिजे. हॉलला मात्र मी अंडर-रीम्डच म्हणेन, आपल्याकडे तो करणारे मिळतात आणि तपासणारेही.

सोनवणे नाना: तपासायचं म्हणजे नेमकं काय?

हर्षल (बी-६): आधी दोन बोअरहोल आणि फ्री स्वेल चाचणी, म्हणजे माती पाण्यात किती टक्के फुगते ते. ५० टक्क्यांच्या वर आली तर माती चांगलीच फुगणारी समजा. नंतर एखाद्या पाइलवर, त्याने पेलायचा ठरवलेल्या भाराच्या दीडपट भार देऊन बघायचं, त्याचा खर्च कोटेशनमध्येच लिहून घ्या.

महाजन (सचिव): ठीक. दोन्ही पार्टीला कळवतो, माती अहवाल आल्यावर पुन्हा रेट द्या. माती तपासणीचा खर्च सिंकिंग फंडातून नको, मीटिंगमध्ये वेगळा ठराव घेऊ. भूषण, शेडचं कोटेशन तू मागव.

भूषण डी-१: मागवतो काका.