निघता निघता ते जे बोलले... तुमचे अनुभव लिहा

आज अकरावा दिवस. लेकीची शाळाप्रवेशाची मुलाखत संपली, बाईंनी फाइल मिटली, पेनाला टोपण लावलं आणि आम्ही खुर्च्या सरकवून उठत असताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दुसरीकडेही अर्ज केला असेलच ना तुम्ही?" मी "हो" म्हणाले. बस, एवढंच.

तेव्हापासून या वाक्याचा कीस पाडणं चालू आहे. 'असेलच'मधल्या 'च'वर माझी एक अख्खी रात्र गेली. नकार सुचवला का? की आम्ही दुसरीकडे जाऊ अशी त्यांना शंका आहे? घरचे म्हणतात, सोडून दे. सुटत नाही.

ज्यांनी हे अनुभवलंय त्यांनी कृपया लिहा. नेमके शब्द काय होते, तुम्ही काय अर्थ लावलात आणि शेवटी काय झालं. प्रवेश मिळाला नसेल तर जरूर लिहा, कारण मिळालेल्यांना मागाहून सगळंच शुभसूचक वाटतं.

*

आम्हाला "पुन्हा भेटूच" म्हणाले होते. माझा हात हातात घेऊन, मुलाच्या पाठीवर थाप मारून. त्या 'भेटूच'च्या भरवशावर मी आजीआजोबांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना सांगून मोकळा झालो. दुसऱ्या शाळेचा अर्ज अर्धा भरून ठेवला होता, तो तसाच राहिला आणि मुदत टळली. पंधरा दिवसांनी नकार आला.

नकार पचवता आला. पण मुलगा दाराशी उभा राहून विचारत होता, "मग ते भेटू का म्हणाले?" सात वर्षांचा होता तो. त्याच्या लेखी एका मोठ्या माणसाने शब्द दिला होता. मला उत्तर देता आलं नाही, आजही येणार नाही. ताई, दुसरीकडचा अर्ज मागे घेऊ नका, एवढंच कळकळीने सांगतो.

*

"कळवू." तेही मान वर न करता. उतरल्या तोंडाने घरी आलो. चौथ्या दिवशी प्रवेश दिल्याचं पत्र.

*

मी टेबलाच्या पलीकडे बसणारी आहे, बरीच वर्षं. आमच्याकडे कसं चालतं ते सांगते.

मुलाखत सुरू असतानाच आम्ही प्रत्येक जण आपापल्या कागदावर नोंदी करतो, गुण देतो. पालक उठतात तोवर माझा कागद बहुतेक भरलेला असतो, पण निर्णय झालेला नसतो. सगळी मुलं बघून झाल्यावर समितीची बैठक होते. तिथे माझ्या मताबरोबरच जागा किती शिल्लक आहेत, आधीच्या शिक्षकांचे अभिप्राय काय आहेत, हेही बघितलं जातं. म्हणजे दारापर्यंत सोडायला येताना मी जे बोलते, ते बोलताना निकाल मलाच ठाऊक नसतो.

दुसरीकडच्या अर्जाबद्दल आम्ही जवळपास सगळ्यांना विचारतो. ज्यांना प्रवेश देऊ करतो ते सगळेच येत नाहीत. किती येतील याचा अंदाज घेऊन पत्रं किती पाठवायची आणि प्रतीक्षा यादी केवढी ठेवायची ते ठरतं.

माझ्या हातून झालेली एक चूक मात्र सांगायची आहे. एका मुलाला मी निघताना म्हणाले होते, "वाचत राहा हं भरपूर." गोष्टींबद्दल तो इतका रंगून बोलला होता की मला राहवलं नाही. पुढे त्याची आई भेटली तेव्हा कळलं, की मुलगा वाचनात कमी पडला असं त्यांनी धरलं आणि निकाल लागेपर्यंत त्याला रोज तासभर मोठ्याने वाचायला बसवलं. त्याच्या आवडीच्या गोष्टीची माझ्या एका वाक्याने शिक्षा झाली. तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगते, "आज आलात, बरं वाटलं. निकाल पत्राने कळेल." ऐकणाऱ्याला ते कोरडं वाटतं, पण दुसरा मार्ग मला दिसत नाही.

*

बाईंच्या म्हणण्याला जोड देते. मी वैद्यकीय शिक्षणात आहे. ह्यूस्टनमधल्या टेक्सास विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा एक दाखला आमच्याकडे नेहमी दिला जातो. १९७९ मध्ये तिथे सुमारे ८०० जणांच्या मुलाखती घेऊन क्रम लावला आणि त्यातून १५० विद्यार्थी घेतले. मग ऐन वेळी ५० जागा वाढल्या. वरचे उमेदवार तोवर दुसरीकडे गेले होते, म्हणून यादीच्या तळाकडून घ्यावे लागले. पुढे अभ्यासात आणि प्रत्यक्ष कामात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. अख्ख्या मुलाखतीतून हाती येणारं जर इतकं डळमळीत, तर तिच्या शेवटच्या वाक्यात कितीसा जीव असणार!

आणखी एक. २०१८ मध्ये काही मानसशास्त्रज्ञांनी अनोळखी माणसांना जोडीने बोलायला बसवलं आणि नंतर वेगवेगळं विचारलं. समोरच्याला आपण किती आवडलो, याचा लोकांचा अंदाज सरासरीने खऱ्यापेक्षा कमीच निघाला. उतरल्या तोंडाने घरी येणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहिलं.

*

मी तेव्हा दहा वर्षांची होते. मुलाखत माझी एकटीची, आईबाबा बाहेर. मी बाहेर आले तशी बाबांनी विचारलं, "शेवटी काय म्हणाले?" मी सांगितलं, "बघू म्हणाले." परतताना गाडीत पुन्हा, "नीट आठव. 'बघू' म्हणाले की 'घेऊ'?" रात्री जेवताना पुन्हा. चौथ्या की पाचव्या वेळी मला खरंच आठवेना झालं, आणि मी म्हणाले, "घेऊ." बाबांचा चेहरा क्षणात उजळला. हात तसाच खरकटा ठेवून ते आईला सांगायला आत गेले. मी ताटाशेजारी सांडलेल्या पाण्यात बोट फिरवत बसले.

पुढचे दिवस दाराची बेल वाजली की माझ्या पोटात गोळा यायचा. निकालाची भीती नव्हती. मी खोटं बोलले ते आता उघड होणार, ही भीती होती. आधी प्रतीक्षा यादीत नाव लागलं, मग प्रवेशही मिळाला. बाबांना हे अजून सांगितलेलं नाही. मुलांना फार तर एकदा विचारा. शक्यतो विचारूच नका.

*

मोठ्या मुलीच्या वेळी "काही विचारायचंय?" म्हणाले तेव्हा आम्ही संकोचून गप्प बसलो. धाकटीच्या वेळी तिथेच विचारून घेतलं, निकाल कधी लागेल, कसा कळवाल, प्रतीक्षा यादी असते का, ती कधीपर्यंत हलते. सगळ्याची सरळ उत्तरं मिळाली. निघताना ते काय म्हणाले ते आता आठवतही नाही.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. 'बघू' आणि 'घेऊ' वाचून चर्रर झालं, कारण लेकीला मी आत्तापर्यंत तीनदा विचारलंय. आता विचारणार नाही.

सकाळी कार्यालयात फोन केला. निकाल पुढच्या शुक्रवारी, पत्राने. प्रतीक्षा यादी महिनाभर हलते. दुसरीकडचा अर्ज आहे तसाच ठेवलाय.

संध्याकाळी लेक आपणहून बोलली. बाईंच्या टेबलावर काचेच्या बरणीत एक गोगलगाय होती म्हणे. ती काय खाते असं हिने विचारलं, तर बाई म्हणाल्या, "तूच शोधून काढ." मी तेव्हा कागदांवर सह्या करत होते, मला ना बरणी दिसली, ना हे ऐकू आलं. तिने वही आणून दाखवली. गोगलगायीची चार पानं भरली आहेत.