'सेटलर'ला मराठीत काय लिहायचं?

निंबोणी: फिलिप पार्कर किंगवर लेख करतेय. १७९१ ला नॉरफोक बेटावर जन्म, ब्रिटिश नौदलात अधिकारी, १८१७ ते १८२२ ऑस्ट्रेलियाचा किनारा मोजला, १८३२ पासून सिडनीकडे डनहेव्हडला जमीनजुमला सांभाळून राहिला, पुढे न्यू साउथ वेल्सच्या कायदेमंडळात, आधी नेमलेला मग निवडून आलेला. 'सेटलर'ला अडलंय. 'वसाहतवादी' लिहिलं तर संपादक म्हणतात ही विचारसरणी झाली, 'स्थायिक' म्हटलं तर बदली होऊन नाशिकला फ्लॅट घेतल्यासारखं वाटतं.

बाराबंदी: वसाहतकार. सरळ आहे.

गावकूस: वसाहतकार म्हणजे वसाहत वसवणारा ना, मग ते त्याच्या वडिलांना लागू, नॉरफोकची वसाहत त्यांनी १७८८ ला वसवली. आमच्याकडे बाहेरून येऊन कसणाऱ्याला उपरी म्हणायचे, आजोबांच्या तोंडी होता हा शब्द. उपरी लिहा.

बाराबंदी: नाही हो, उपरी म्हणजे मिरास नसलेला, त्याचा जमिनीवर हक्कच नाही. इथे बरोब्बर उलट, जमीन तिथल्या मूळच्या दारुग लोकांची आणि कागद ह्यांच्या नावचे. इनामदार जवळ जाईल.

निंबोणी: इनामदारमध्ये परक्या मुलखातून आलाय हे कुठे येतं? मला दोन्ही हवंय, आलेला पण आणि जमीन मिळालेला पण. ते सुटलं तर मूळचे लोकच लेखातून गायब होतात.

सारंग४२: आधी 'नौदल' काढा. आरमार हा आपला अस्सल शब्द असताना हे सरकारी भाषांतर कशाला? आणि १८५५ ला तो रिअर अॅडमिरल झाला तिथे सरखेल लिहा.

गावकूस: आरमार पोर्तुगीज अर्मादावरून आलाय, सरखेल फारसी. अस्सल कसले?

सारंग४२: तीनशे वर्षं कोकणच्या तोंडात आहे, आणखी किती मुरायला हवा? माझे मामा माझगाव गोदीत होते, तेही आरमारच म्हणत.

बाराबंदी: गोदीवरून आठवलं, किंगने ज्या 'मर्मेड' जहाजातून किनारा मोजला ती हावड्याला सागवानात बांधलेली, ८४ टनांची कटर. त्याला काय लिहिणार?

सारंग४२: गलबत.

बाराबंदी: गलबताला दोन डोलकाठ्या, कटरला एकच.

सारंग४२: मग मचवा म्हणा.

गावकूस: मचव्यातून ऑस्ट्रेलियाचा किनारा मोजला म्हटलं तर आमच्या अलिबागला कोणी विश्वास ठेवणार नाही. कटरच राहू द्या.

निंबोणी: कटर ठेवते. पण सेटलरचं काय, परवा द्यायचाय लेख.

सारंग४२: कटरला शिबाड कसं वाटतं?