डिझॉल्व्ह टाकला की क्लिप शेवटी गोठते, क्लिप आधी कशा कापून ठेवायच्या?

मातीचा_गोळा:
एडिटिंग शिकायला लागून दोनच महिने झालेत, त्यामुळे प्रश्न प्राथमिक वाटला तर सांभाळून घ्या. मैत्रीण चाकावर मातीची भांडी करते, तिच्या कामाचा तीन मिनिटांचा व्हिडिओ करतेय. साधारण ४० क्लिप आहेत, सगळ्या मोबाइलवर घेतलेल्या. लॅपटॉपवर जागा कमी म्हणून मी मोबाइलच्या गॅलरीतच प्रत्येक क्लिप बरोब्बर हवी तेवढी कापली, पुढचं मागचं सगळं उडवलं आणि त्या कापलेल्या फाइली एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर एकापुढे एक लावल्या. साध्या कटने छान दिसतंय, पण दोन क्लिपच्या मध्ये एक सेकंदाचा क्रॉस डिझॉल्व्ह टाकला की मीडिया पुरेसं नाही, फ्रेम रिपीट होतील असा मेसेज येतो आणि तरी ओके केलं तर मातीवरून फिरणारे हात मधेच थिजतात आणि मग पुढचा शॉट येतो. चाक फिरतानाच्या शॉटना अधूनमधून बारीक झटकेपण बसतात, ते वेगळंच. क्लिप तयार करतानाच माझं काहीतरी चुकतंय का?

फ्रेमवेडा:
हो, क्लिप तयार करतानाच चुकलंय, पण दुरुस्त होण्यासारखं आहे. डिझॉल्व्ह म्हणजे काय ते बघा, काही काळ दोन्ही शॉट एकावर एक चालू असतात, म्हणजे पहिला शॉट तुम्ही जिथे कापला त्याच्या पुढेही थोडा चालायला हवा आणि दुसरा तुम्ही जिथून घेतला त्याच्या थोडा आधीपासून सुरू व्हायला हवा. या जास्तीच्या फ्रेमना हँडल म्हणतात. तुमच्या फाइलीत ती हँडलच नाहीत, मग सॉफ्टवेअर शेवटची फ्रेम ताणून धरतं.

हिशेब सोपा आहे. सेकंदाला ३० फ्रेमची (म्हणजे ३० चित्रांची) टाइमलाइन, एक सेकंदाचा डिझॉल्व्ह, कटच्या बरोब्बर मध्यावर ठेवला तर दोन्ही बाजूंना १५-१५ फ्रेम लागतात. डिझॉल्व्ह कटपासून सुरू होईल असा ठेवला तर पहिल्या क्लिपला कटच्या पुढे पूर्ण ३० हव्यात आणि दुसरीला एकही नको, कटवर संपेल असा ठेवला तर बरोबर उलटं. त्यामुळे एकाच बाजूला हँडल असेल तरी डिझॉल्व्ह त्या हिशेबाने सरकवून काम भागतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये क्लिपच्या वरच्या कोपऱ्यात छोटा त्रिकोण दिसला की समजा पुढे मीडिया संपलं. फायनल कट हे दुसरं सॉफ्टवेअर अशा वेळी क्लिप ट्रिम करून एकमेकींवर आणू का विचारतं. तिथे हो म्हणताना विचार करा, कारण व्हिडिओची लांबी कमी होते आणि संगीतावर बसवलेले पुढचे सगळे कट सरकतात.

मूळ फाइली आहेत का अजून? आयफोनच्या फोटोजमध्येच कापून सेव्ह केलं असेल तर एडिटमध्ये जाऊन रिव्हर्ट करा, पूर्ण क्लिप परत येते. डिलीट केल्या असतील तर रिसेंटली डिलीटेडमध्ये ३० दिवस असतात, आजच बघा. आणि यापुढे कापायचं ते टाइमलाइनवरच, तिथे मूळ फाइलला धक्काही लागत नाही.

संथ_पाणी:
वरचं सगळं बरोबर, फक्त एक भर. हँडल नुसतं असून उपयोग नाही, ते स्वच्छ पाहिजे. मोबाइलवर रेकॉर्डिंग बंद करायला आपण बटण दाबतो तेव्हा फोन हलतो, आणि नेमका तोच हलणारा अर्धा सेकंद हँडलमध्ये येतो आणि डिझॉल्व्हमध्ये अर्धवट पारदर्शक होऊन डोळ्यांना टोचत राहतो. म्हणून शूट करतानाच बटण दाबल्यावर मनात पाच मोजायचे, मग कामाला सुरुवात करायला सांगायचं, आणि काम संपल्यावरसुद्धा पाच मोजून मगच बंद करायचं. हातांच्या शॉटमध्ये तर हे फारच जपावं लागतं, कारण पहिल्यात हात डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे असले तर डिझॉल्व्हच्या मध्यावर चार हात दिसतात. तिथे १०-१२ फ्रेमचा छोटा डिझॉल्व्ह घ्या किंवा सरळ कट करा, हात उचलला जातोय त्या हालचालीवर कट केलात तर जोड कळतही नाही. मी स्वतः तीन मिनिटांत चार-पाचपेक्षा जास्त डिझॉल्व्ह ठेवत नाही, वेळ पुढे गेला हे दाखवायचं असेल तिथेच.

झटक्यांचं म्हणाल तर तुमची टाइमलाइन २५ ची आहे का बघा. क्लिप ३० च्या असतील तर दर सेकंदाला पाच फ्रेम गाळल्या जातात आणि चाकासारख्या सतत फिरणाऱ्या गोष्टीत ते लगेच दिसतं. सगळं मोबाइलचंच आहे तर टाइमलाइन ३० ची करा. तरीही झटके राहिले तर क्लिप व्हेरिएबल म्हणजे बदलत्या फ्रेम रेटच्या असणार, बरेच मोबाइल उजेडाप्रमाणे फ्रेम रेट कमीजास्त करतात. हँडब्रेक नावाचं व्हिडिओ कन्व्हर्टर सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात फ्रेम रेट ३० आणि कॉन्स्टंट (कायम एकच) निवडून आधी बदलून घ्या, मगच एडिटला बसा.

मातीचा_गोळा:
खूप खूप आभार दोघांचे! टाइमलाइन २५ चीच निघाली, प्रीसेट निवडताना मी बघितलंच नव्हतं. ३६ क्लिप मूळ मिळाल्या, जीव भांड्यात पडला. चार मात्र कायमच्या गेल्या आणि त्यातले दोन शॉट मला अगदी हवेच आहेत, भांड्याचा काठ वर येतो ते. त्या दोन्ही ६० फ्रेमवर घेतल्या होत्या, त्याचा काही उपयोग? आणि मूळ फाइली कापलेल्यांच्या जागी रीलिंक केल्या, म्हणजे टाइमलाइनवरच्या क्लिप मूळ फाइलींना जोडल्या, तर सगळे शॉट भलतीकडूनच सुरू होतायत.

फ्रेमवेडा:
६० च्या आहेत हे फारच बरं झालं. ३० च्या टाइमलाइनवर स्पीड ५०% करा, लांबी दुप्पट होते आणि एकही फ्रेम खोटी बनवावी लागत नाही. चार सेकंदांची क्लिप आठ सेकंदांची होईल, त्यातले मधले सहा वापरा, दोन्ही बाजूंना एकेक सेकंद हँडल मिळालं. काठ वर येताना संथ दिसला तर उलट छानच वाटेल.

रीलिंकचं कारण असं की कापलेली फाइल शून्यापासून सुरू होत होती आणि आता मूळ फाइलचं शून्य वेगळं आहे. क्लिप पुन्हा लावत बसू नका, स्लिप टूल घ्या (प्रीमिअरमध्ये वाय), क्लिपवर धरून डावी-उजवीकडे ओढा, क्लिपची जागा आणि लांबी तीच राहते, फक्त आतलं चित्रण पुढेमागे सरकतं. ३६ क्लिप आहेत, तासाभराचं काम. आणि हे सगळं नेस्ट करायच्या (अनेक क्लिप मिळून एकच क्लिप करायच्या) आधी करा, नेस्ट केलं की बाहेरून फक्त वापरलेला तुकडाच दिसतो, हँडल परत गेली.

कानसेन:
आवाजाकडेही बघा, त्यालाही हँडल लागतात. चाकाचा घरघराट प्रत्येक क्लिपमध्ये थोडा वेगळा असतो, चित्र कितीही मऊ जोडलं तरी आवाज तुटला की जोड कळतो. प्रत्येक कटवर कॉन्स्टंट पॉवरचा छोटा क्रॉसफेड द्या (एक आवाज हळूहळू विरतो आणि दुसरा वर येतो), आणि जमलं तर पुढच्या शॉटचा आवाज अर्धा सेकंद आधी सुरू करा. मैत्रिणीकडे परत गेलात तर कुणी न बोलता नुसतं चाक फिरतानाचा एक मिनिट सलग आवाज रेकॉर्ड करून आणा, तो सगळ्या शॉटखाली हलका अंथरला की अर्ध्याअधिक ठिकाणी डिझॉल्व्हची गरजच वाटणार नाही.

मातीचा_गोळा:
स्लिप टूलने २२ क्लिप झाल्या, काठाचा शॉट ५०% वर इतका सुंदर दिसतोय की आता व्हिडिओची सुरुवातच त्याने करतेय. रविवारी आवाज घ्यायला जाते, पाच मोजून.